कौल आणि गाऱ्हाणे

लग्नाला त्रेचाळीस वर्षे झाल्यावर पतिपत्नींच्या भांडणाला नवा विषय उरत नाही, अशी माझी समजूत होती. आमटीतले मीठ, माहेरची माणसे, मुलाचे शिक्षण, सकाळचे वर्तमानपत्र आधी कोणाच्या हाती पडावे, हे सारे विषय आम्ही वापरून वापरून इतके गुळगुळीत केले होते की त्यांतून आता ठिणगी पडत नसे. पण गेल्या चैत्रात आमच्या घरात ७८ पत्ते आले, आणि ज्या वयात माणसे एकमेकांची औषधे मोजून देतात त्या वयात आम्ही पुन्हा तावातावाने बोलू लागलो.

हे पत्ते टॅरोचे. अलीकडे आपल्याकडच्या शहरांत त्यांचे प्रस्थ बरेच वाढले आहे. पूर्वी रस्त्याच्या कडेला पिंजऱ्यातला पोपट चोचीने पाकीट ओढून भविष्य सांगे. आता वातानुकूलित खोलीत, मेणबत्तीच्या उजेडात, शिकलेली मुलगी पत्ते मांडून तेच सांगते, असे आमच्या ह्यांचे मत. हे विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवीत असत. निवृत्त होऊन दहा वर्षे झाली, पण पुराव्यावाचून कशावरही विश्वास ठेवायचा नाही, ही सवय निवृत्त झाली नाही.

मी तिथे गेले कशी, ते आधी सांगायला हवे. आम्ही बडोद्याचे. दांडिया बाजारातल्या ज्या घरात मी नवी सून म्हणून आले, त्याच घरात आजही राहते. मुलगा बंगळुरूला असतो. गेली दोन वर्षे तो आग्रह धरून बसला होता, की घर विकावे आणि दोघांनी तिकडे यावे. त्याचे म्हणणे गैर नव्हते. ह्यांचे गुडघे जिन्याला दाद देईनासे झाले आहेत आणि माझी दृष्टीही पूर्वीसारखी राहिलेली नाही. मी हो म्हणाले. ह्यांनी "तुझी इच्छा असेल तसं" असे म्हटले. दलाल येऊन घर पाहून गेला. सारे ठरल्यासारखेच झाले होते. तरी मला रात्री झोप येत नव्हती.

माझ्या भाचीने ही अस्वस्थता ओळखली आणि अलकापुरीत बसणाऱ्या आपल्या एका मैत्रिणीकडे मला नेले. सातशे रुपये दक्षिणा. त्या मुलीने तीन पत्ते ओढायला सांगितले. पहिल्या दोहोंबद्दल ती जे बोलली ते मला धड आठवतही नाही. तिसऱ्या पत्त्यावर एक नाव होती. नावाडी उभा राहून बांबूने नाव लोटतो आहे, पुढे शालीत गुरफटलेली एक बाई मान खाली घालून बसली आहे, तिच्याशेजारी एक मूल आहे, आणि नावेच्या तळाशी सहा तलवारी उभ्या रोवलेल्या आहेत. तिघांचीही पाठ आपल्याकडे. एका बाजूचे पाणी खळबळते आहे, पलीकडचे संथ आहे. त्या मुलीने अर्थ सांगण्याऐवजी मलाच विचारले, "काकू, ह्या चित्रात तुम्ही कुठे आहात?"

मी म्हणाले, "मी नावेत नाही. मी काठावर आहे."

हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडेपर्यंत ते माझ्या मनात आहे, हे मला ठाऊक नव्हते. मी गप्प झाले. ती मुलगीही गप्प राहिली, आणि ह्या मौनाबद्दल मी तिला मनातल्या मनात शंभर गुण दिले.

घरी आल्यावर मी ह्यांना कुठे गेले होते ते सांगितले; काय बोलले ते मात्र सांगितले नाही. अर्धे सत्य सांगितले की भांडण पुरे होते. "सातशे रुपये!" हे म्हणाले. "एवढ्यात दोन चांगली पुस्तकं आली असती." मी म्हणाले, की पुस्तके घरात दोन हजार आहेत, त्यांतले एकही मला 'तू कुठे आहेस' असे विचारीत नाही. ह्यांनी चष्मा काढून पुसला. चष्मा पुसणे ही आमच्या घरातली युद्धाची तुतारी आहे.

पुढे पंधरवडाभर ह्यांनी टॅरोचा अभ्यास केला. शत्रूच्या किल्ल्याचा नकाशा मिळाल्याशिवाय चढाई करायची नाही, हा ह्यांचा बाणा. रोज रात्री जेवताना एकेक तोफगोळा येई. हे पत्ते मुळात भविष्याचे नव्हतेच. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ते खेळासाठी निघाले. मिलानच्या व्हिस्कोन्ती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी सोनेरी वर्ख लावून रंगवलेले काही जुने पत्ते आजही संग्रहालयांत आहेत. सुमारे साडेतीनशे वर्षे लोक त्यांनी नुसते खेळले. मग १७८१ साली कूर द जेबलॅं नावाच्या फ्रेंच पंडिताने छापून टाकले, की ह्या चित्रांत प्राचीन इजिप्तचे गुप्त ज्ञान भरले आहे. "आणि इजिप्तची चित्रलिपी शांपोल्यॉंने उलगडली १८२२ साली," हे म्हणाले. "म्हणजे जी लिपी जगात कोणालाच वाचता येत नव्हती, तिच्यातलं ज्ञान ह्या गृहस्थांना एक्केचाळीस वर्षं आधी कळलं!" तुझ्या त्या मुलीजवळची चित्रे तर त्याहून अर्वाचीन, १९०९ साली लंडनमध्ये छापलेली, ती पामेला कोलमन स्मिथ नावाच्या चित्रकर्तीने काढली, आणि पत्त्यांच्या जोडाला नाव मात्र प्रकाशकाचे आणि काढून घेणाऱ्या वेट साहेबांचे पडले.

ह्या शेवटच्या माहितीने माझे मन उलट त्या पत्त्यांकडे अधिकच ओढले गेले. राबणारी एक आणि नाव दुसऱ्यांचे, हा प्रकार कोणत्या बाईला परका वाटेल?

मग ह्यांनी फोररची गोष्ट सांगितली. १९४८ साली अमेरिकेतल्या ह्या प्राध्यापकाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'खास तुझे' म्हणून स्वभाववर्णन दिले. पाचांपैकी सरासरी ४.२६ गुण देऊन मुलांनी ते आपल्याला लागू पडते असे सांगितले. सर्वांना दिलेले वर्णन एकच होते, आणि त्यातली वाक्ये बाजारातल्या फलज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेली होती. त्यानंतर नारळीकरांची चाचणी. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी (त्यांत नरेंद्र दाभोलकरही होते) केलेली ही चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिकदृष्ट्या मागे पडलेल्या मुलांच्या पत्रिका घेतल्या, आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ज्योतिषांना विचारले. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून उत्तरे पाठवली. बरोबर निघाली ती शेकडा ४६. "नाणं उडवलं असतं तर पन्नास आली असती," हे म्हणाले आणि ताकाचा भुरका घेतला.

माझ्याजवळ ह्याला उत्तर नव्हते. माझ्याजवळ होती एक आठवण.

माझे आजोळ सावंतवाडीजवळचे. पत्त्यांत देव पाहण्याची सवय मला तिथूनच लागली असेल. आजोबांकडे लाखेच्या रोगणाचे, गोल, दशावतारी गंजिफांचे पत्ते होते. दहा अवतारांचे बारा-बारा, एकूण १२०. मत्स्यावर वराह पडला म्हणून आरडाओरड करताना आम्हा मुलांना कधी पाप वाटले नाही. पण भविष्याचे काम तिथे पत्त्यांकडे नव्हते. ते देवळात होई. गावात कोणाला अडचण आली की ग्रामदेवतेला कौल लावीत. गुरव मूर्तीवर ओल्या कळ्या चिकटवी. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आम्हा मुलांचे डोळे त्या कळीवर. पण आता आठवते ते त्याच्या आधीचे, ते गाऱ्हाणे. गुरव मोठ्याने, साऱ्या गावासमोर, त्या माणसाची अडचण देवाला सांगे. भावाभावांत बांध फुटला आहे, मुलगी नांदत नाही, कर्ज फिटत नाही. आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसे 'होय महाराजा' म्हणत. आजी एकदा गाऱ्हाणे घालून परतली तेव्हा कळी कुठे पडली असे मी तिला विचारले होते. ती म्हणाली, "पडली खंयतरी. माका बरा वाटला."

मी हे ह्यांना सांगितले. कळीला काही कळत नाही, हे मला मान्य आहे, असेही सांगितले. "पण गाऱ्हाणं घालायला माणसाला जागा लागते. तुमच्या संख्याशास्त्रात ती कुठे आहे?"

हे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गाऱ्हाण्याला माझी हरकत नाही. पण तुझी कळी फुकट पडत नाही. डावीकडे पडली की कोणाचं तरी लग्न मोडतं. ते कोण मोजतं?" आणि थोड्या वेळाने, "आपण मोजून पाहू."

असा आमचा प्रयोग ठरला. भाचीने पत्त्यांचा एक जोड आणि सोबतची पुस्तिका मला आणून दिली होती. रोज सकाळी मी, न पाहता, एक पत्ता ओढायचा. तो ह्यांनी पाकिटात बंद करायचा. रात्री झोपाळ्यावर बसून ह्यांनी पुस्तिकेतून दोन पत्त्यांची फलिते वाचायची: एक मी ओढलेल्या पत्त्याचे, दुसरे भलत्याच कुठल्या तरी पत्त्याचे. त्यांपैकी कोणते त्या दिवसाला लागू पडते ते मी सांगायचे. वीस दिवस. पत्ते काही जाणत असतील तर माझी उत्तरे दहाहून पुष्कळ अधिक बरोबर यावीत. नसतील तर दहाच्या आसपास. ह्यांनी वहीत तक्ता आखला. त्या तक्त्याच्या रेघा पाहून मला ह्यांच्या तरुणपणची आठवण झाली. लग्नाची यादीसुद्धा ह्यांनी अशीच आखली होती.

प्रयोगाच्या नियमांत एक गोष्ट आमच्या दोघांच्याही ध्यानात आली नव्हती. दोन फलितांतून एक निवडायचे तर मला सारा दिवस सांगावा लागे. 'जुने ओझे उतरेल' आणि 'घरात एखादी स्त्री मत्सर करील' ह्यांतून निवड करताना मी सांगे, की आज माळ्यावरची तांब्याची भांडी काढली, त्यांतल्या घंगाळावर तुमच्या आईचे नाव कोरलेले आहे, ते मोडीत घालवेना. आणि हे ऐकत. प्रयोग करणाऱ्याला ऐकावेच लागते. अर्धवट ऐकले तर नोंद चुकते. गेल्या कित्येक वर्षांत ह्यांनी माझे बोलणे वर्तमानपत्राच्या आडून ऐकले होते. आता हातात पेन्सिल होती.

तेराव्या रात्री वीज गेली होती. हे कंदिलाच्या उजेडात वाचीत होते. दोन फलितांपैकी एक निघाले उलट्या टांगलेल्या माणसाचे. त्या पत्त्यावर एक तरुण एका पायाने झाडाला उलटा लटकलेला असतो, पण त्याचा चेहरा शांत असतो आणि डोक्याभोवती प्रभा असते. पुस्तिकेत लिहिले होते की घाई करू नये, काळ अनुकूल नाही, थांबावे. हे एवढे वाचून थांबले. मला वाटले, अक्षर दिसेना. मी कंदिलाची वात वाढवली.

"हे वाक्य मी आधी ऐकलेलं आहे," हे म्हणाले.

मग ह्यांनी मला जे सांगितले ते त्रेचाळीस वर्षांत कधी सांगितले नव्हते. माझे सासरे १९७१ साली गेले, पोटाच्या दुखण्याने, एवढे मला ठाऊक होते. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया ताबडतोब करायला सांगितली होती, हे मला ठाऊक नव्हते. सासूबाई पत्रिका घेऊन एका ज्योतिषाकडे गेल्या. बरोबर सोळा वर्षांचे हे, छत्री धरायला. ज्योतिषाने सांगितले, काळ अनुकूल नाही, एकवीस दिवस थांबा. कागदावर तारीखही लिहून दिली. सोळाव्या दिवशी सासरे गेले. "थांबले नसते तर वाचले असते, असं मी म्हणत नाही," हे म्हणाले. "एका उदाहरणावरून काहीच सिद्ध होत नाही. पण आईनं तो कागद देव्हाऱ्याखाली ठेवला होता, आणि ती गेल्यावर मला तो सापडला. अडतीस वर्षं तिनं तो जपून ठेवला. आम्ही दोघं त्या ज्योतिषाकडे गेलो होतो, हे तिनं कोणाला सांगितलं नाही. मग मीही सांगितलं नाही. लोकांनी तिला बोल लावला असता."

कंदिलाभोवती पाखरे फिरत होती. माझ्या शिकल्यासवरल्या नवऱ्याच्या ज्या हट्टाला मी आजवर पुस्तकी म्हणत आले, तो हट्ट एका पोराने आपल्या आईवर धरलेली छत्री होती. फलज्योतिषावरचा ह्यांचा राग मी नेहमी गमतीवारी नेला. मुलाच्या लग्नात पत्रिका जुळवण्यावरून ह्यांनी घर डोक्यावर घेतले तेव्हा मी पाहुण्यांची माफी मागितली होती. ती माफी मला त्या रात्री परत घ्यावीशी वाटली.

मी विचारले, "हे आजवर मला का सांगितलं नाही?"

"तू कधी विचारलं नाहीस," हे म्हणाले. त्यात तक्रार नव्हती, नोंद होती.

आमच्या वादाचा खरा निकाल मला तिथे लागल्यासारखा वाटतो, आणि तो कोणा एकाच्या बाजूने नाही. ज्या वाक्याने एक माणूस दवाखान्याच्या दारातून मागे फिरला, तेच वाक्य चौपन्न वर्षांनी पुस्तिकेत छापलेले निघाले आणि त्याने एका मिटलेल्या तोंडाला वाचा फोडली. वाक्य तेच. फरक एवढाच, की सासूबाईंनी ते उत्तर म्हणून घेतले आणि आम्ही ते निमित्त म्हणून घेतले. 'काय होईल' असे विचारायला गेलेला माणूस आपल्या हातातले वल्हे दुसऱ्याच्या हाती देतो, मग समोर पत्ता असो, पत्रिका असो की पोपट. 'मला काय होते आहे' असे विचारणाऱ्याला मात्र कुठलेही चित्र पुरते. ह्यांचा आक्षेप असा, की मग ते चित्र भिंतीवरच्या कालनिर्णयातलेही चालेल. चालेल. पण कालनिर्णयासमोर मला कोणी बसवले नव्हते. आणि दुसराही आक्षेप मी इथे नोंदवते, कारण तो खरा आहे: प्रश्न विचारणारी ती मुलगी समंजस होती, हे माझे नशीब, तिच्या जागी एखादी लोभी बाई असती, तर तिने मला त्या सहा तलवारींची शांती करायला लावली असती.

विसाव्या रात्री ह्यांनी बेरीज केली. माझी वीसांपैकी अकरा उत्तरे बरोबर आली होती. "नाण्याइतकीच," हे म्हणाले, पण त्या स्वरात विजय नव्हता. मी हार मान्य केली. मग पत्त्यांतून तो नावेचा पत्ता शोधून काढला, ह्यांच्यासमोर ठेवला, आणि अलकापुरीतल्या त्या खोलीत मी काय बोलले होते ते सांगितले. मी काठावर आहे. मला जायचे नाही. तुमच्या गुडघ्यांसाठी हो म्हणाले होते.

ह्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. पत्ता डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला.

"मी नावाडी आहे असं तू समजत होतीस ना?" हे म्हणाले. "मी ह्या शालीतल्या बाईच्या जागी आहे. तू नेते आहेस म्हणून मान खाली घालून बसलो होतो."

"मग नाव लोटत कोण होतं?" मी विचारले.

त्यावर आम्ही दोघे इतके हसलो की शेजारच्या गच्चीवरून कोणी तरी डोकावून पाहिले. दोन वर्षे एकमेकांच्या इच्छेचा मान राखण्यासाठी आम्ही दोघांनाही नको असलेल्या काठाकडे निघालो होतो, आणि नाव कोणीच वल्हवत नव्हते.

दलालाला आम्ही नाही कळवले. मुलाशी बोलणे सोपे गेले नाही. तो दुखावला, आणि त्याचे दुखावणे रास्त होते. पावसाळ्याचे तीन महिने त्याच्याकडे राहायचे आणि नवरात्राला परत यायचे, असे तूर्त ठरले आहे. झोपायची खोली खालच्या मजल्यावर आणली आहे. गुडघे आणखी बिघडले तर पुन्हा विचार करावा लागेल, हे दोघांनाही कळते. तो विचार मात्र आता एकमेकांदेखत होईल.

पत्ते घरातच आहेत. आजारपण आणि पैसा ह्यांविषयी त्यांना काही विचारायचे नाही, असा नियम ह्यांनी घातला आहे आणि तो मी मनापासून पाळते. सासूबाईंचा तो कागद ह्यांनी मला दाखवला. आता तो पुन्हा देव्हाऱ्याखाली आहे.

प्रयोग संपला असे मी समजत होते. पण परवा रात्री जेवणे झाल्यावर हे वही घेऊन झोपाळ्यावर येऊन बसले. पाहते तो पुढच्या पानावर नवा तक्ता आखलेला, रेघा तशाच सरळ. मी म्हणाले, "अहो, निकाल तर लागला!"

"वीस ही संख्या निष्कर्षाला फार लहान आहे," हे पेन्सिलीला टोक करीत म्हणाले. "सांग, आज दिवसभरात काय काय झालं?"